हातातलं ‘खराब पाणी’ काढून देणाऱ्यांपासून जपा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जाणार असाल आणि मानेच्या जुन्या दुखापतीने हात बधिर राहिला असेल, तर आधी हे वाचा.

कापसाच्या ट्रॉलीवरून पडून माझ्या मानेचा पाचवा-सहावा मणका दुखावला, त्याला बरीच वर्षं झाली. ऑपरेशन होऊन मी हिंडता-फिरता झालो. पण उजवा अंगठा, शेजारचं बोट आणि कोपराखालचा एक पट्टा अजून बधिर आहे. थंडी पडली की त्याच पट्ट्यात आग होते. बधिर असून आग कशी, हे लोकांना पटत नाही. समजावायचा मीही कंटाळा केलाय.

यात्रेत घोडे बघत उभा होतो. शेजारच्या टोपीवाल्याने गळ्यावरचा वण पाहून विचारलं, “काय जयं दादा मानले?” म्हणजे मानेला काय झालं. लगेच पुढे, “अंगठा बधिर शे ना? मना बापले बी असंच व्हतं.” मी चाटच पडलो. त्यात काडीचाही चमत्कार नव्हता, हे नंतर कळलं. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधून निघणारी नस अंगठ्याच्या बाजूला जाते, आणि तिथली दुखापत नेहमीची. गळ्यावर वण, चहाचा कप डाव्या हातात, एवढ्यावर सराईत माणूस ओळखतोच.

त्याने काहीही विकलं नाही, फक्त वैद्याचा पत्ता दिला. ‘बाप बरा झाला’ म्हणणारा माणूस त्याच टोळीतला असतो.

भाड्याची खोली, ना पाटी, ना पावती. “फी नाही. खराब पाणी निघेल तेवढेच पैसे, थेंबाला दोनशे.” बधिर कातडीवर ब्लेडने बारीक चिरा मारल्या, त्यावर पितळी नळी लावून तोंडाने ओढलं आणि वाटीत पिवळट, घट्ट काहीतरी टाकलं. खरी मेख इथेच आहे. चीर किती खोल गेली, नळीतून खरंच काही ओढलं जातंय का, हे त्या जागेला कळतच नव्हतं. जिवंत कातडी असती तर पहिल्याच चिरेला हात मागे घेतला असता. दोन पोरं मोठ्याने थेंब मोजत होती, आणि वैद्याच्या ओढण्यापेक्षा त्यांची मोजणीच जोरात. हिशेब २६,४०० रुपयांवर गेला. “मधेच सोडलं तर हात वाळेल,” असा दम मिळाला. एक पोरगा एटीएमपर्यंत सोबत आला. उरलेले क्यूआर कोडवर घेतले, खातं भलत्याच बाईच्या नावाचं. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप.

धुळ्याच्या डॉक्टरांनी आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, मग एचआयव्ही आणि दोन्ही काविळींची, बी आणि सीची, तपासणी लिहून दिली. ते ब्लेड आधी कुणाच्या हातावर फिरलं होतं कोण जाणे. म्हणाले, इजा मानेत नसेच्या मुळाशी आहे, हाताच्या कातडीखालून उपसून काढावं असं तिथे काही नाहीच. आग कमी करायला रात्रीची प्रेगॅबॅलिन आहे. तिने गुंगी येते, पण ती मनाने एकदम बंद करायची नाही. बधिरपणा मात्र इतक्या वर्षांनी गोळीने जाईल असं त्यांनी कबूल केलं नाही. गरम पिशवी त्या हातावर ठेवू नका, भाजलेलं कळणार नाही, हेही बजावलं. बधिरपणा नव्याने वाढला, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

क्यूआरने पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. मी पोलिसांत अर्ज दिलाय. खोलीमालक म्हणतो, भाडेकरूचं नाव त्याला माहीत नाही. रक्ताचे पहिले रिपोर्ट चांगले आले. काही महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलंय.