केनियाची जिको शेगडी, दोन वर्षं रोज वापरून

आम्ही दोघं केनियातल्या एल्डोरेट शहरात ख्रिस्ती सेवेसाठी आलो त्याला दोन वर्षं होऊन गेली, आणि घरच्यांशी व्हिडिओ कॉल लागला की मागे दारात ठेवलेली ही शेगडी बघून प्रत्येक जण विचारतो, ते काय गं मागे? म्हणून एकदाच नीट लिहून टाकते, इकडे नवीन येणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

हिला जिको म्हणतात. स्वाहिलीत जिको म्हणजे चूल, ‘स्वयंपाकघरात’ असं म्हणायचं तर जिकोनी, आणि एखाद्या मुलाचं लग्न झालं की ‘त्याला जिको मिळाली’ असंही गमतीने बोलतात.

खरं तर मला ही घ्यायची नव्हती. आल्या आल्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी सहा किलोचा गॅस मिळवून दिला होता, वरतीच बर्नर बसवलेला, त्याला इकडे मेको म्हणतात, दोघांना पुरेल असं वाटलं. पण एल्डोरेट समुद्रसपाटीपासून जवळजवळ २१०० मीटर उंचीवर आहे, पाणी इथे ९३ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे उकळी दिसते पण राजमा काही लवकर शिजत नाही, भातसुद्धा नेहमीपेक्षा जास्त वेळ खातो. माझा कुकर तीन लिटरचा आणि बुधवारी बायबल अभ्यासाला घरी पंधरा-वीस माणसं, मोठं पातेलं चढवलं की तीन-तीन तास गॅस चालू. पहिली टाकी बघता बघता संपली. तेव्हा शेजारच्या मामा म्हणाल्या, गिथेरी (म्हणजे मका-राजमा) काय गॅसवर करतात का, चल माझ्याबरोबर.

(मामा म्हणजे इकडे आई. मोठ्या बाईला मामाच म्हणायचं. दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, बाबा मात्र बाबाच! मला गल्लीतली पोरं मामा म्हणून हाक मारतात, पहिले काही दिवस मी मागे वळून कुणी पुरुष उभा आहे का ते बघायचे, आता मात्र ती हाक आली नाही तर चुकल्यासारखं होतं.)

बाजारात जुआ काली कारागिरांची रांग आहे. जुआ काली म्हणजे कडक ऊन, हे लोक उघड्यावर उन्हात बसून पत्र्याचं काम करतात म्हणून त्या सगळ्या धंद्यालाच ते नाव पडलंय. जिकोचा आकार डमरूसारखा, वर रुंद, मध्ये कंबर, खाली परत रुंद. बाहेरून पत्रा, आणि वरच्या अर्ध्या भागात भाजलेल्या मातीचं जाड अस्तर, तळाला भोकं, त्यातून राख खाली पडते. खालच्या भागाला छोटं दार, ते उघडं ठेवलं की आच वाढते, लोटलं की मंदावते. एवढंच आहे, यात बिघडण्यासारखं काही नाही. मी मधल्या साइजचीला ६०० शिलिंग दिले. मामांनी घेण्याआधी चार जिको बाजूला सारल्या, बोटाच्या मागच्या बाजूने अस्तरावर टकटक करून बघायच्या, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत कुठेतरी चीर आहे. भांडं टेकायचे तीन पाय हलवून बघायचे आणि कड्या ओढून बघायच्या, हे पण त्यांनीच शिकवलं.

मला सगळ्यात नवल वाटलं ते हिच्या इतिहासाचं. आधीची जिको नुसत्या पत्र्याची होती, आणि ती इकडे आली १८९६ मध्ये मोंबासाहून रेल्वे बांधायला सुरुवात झाली तेव्हा आणलेल्या भारतीय मजुरांबरोबर, असं सांगतात. म्हणजे आपलीच शेगडी! मातीचं अस्तर नंतर, १९८० च्या दशकात आलं, थायलंडमधल्या बादलीसारख्या शेगडीवरून सुचलेलं, आणि त्याने पत्र्याच्या जिकोपेक्षा तिसरा हिस्सा ते निम्मा कोळसा वाचतो. मी ज्या दिवशी हे ऐकलं त्या दिवशी जिकोपुढे बसून कितीतरी वेळ विचार करत होते, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारखंच घर सोडून इथे आलं आणि संध्याकाळी अशीच शेगडी पेटवून बसलं असेल.

वापराचं सांगायचं तर, पेटवायला वीस मिनिटं धरा. मक्याची वाळलेली बुरकुंडं खाली, वर थोडा कोळसा, आणि दार पूर्ण उघडं. पूर्वी लोक प्लास्टिकच्या पिशव्या जाळून पेटवायचे म्हणे, २०१७ पासून पिशव्यांवरच बंदी आहे ते फार बरं झालं. निखारे एकदा लाल झाले की वरून राखेचा पातळ थर धरतो, मग दार अर्धं लोटायचं आणि गिथेरी चढवून खुशाल भेटीगाठींना निघून जायचं (मामांचं लक्ष असतं म्हणून), परत येईपर्यंत दाणा मऊ. उतरत्या निखाऱ्यांवर भाकरी अशी फुगते की गॅसवर कधी फुगली नाही. पण सकाळच्या चहासाठी जिको पेटवायच्या भानगडीत पडू नका, चहा गॅसवरच करा.

एक प्रसंग सांगायलाच हवा. मामा कालेन्जिन जमातीच्या आहेत, त्यांच्यात मुर्सिक करतात, दुधी भोपळ्याच्या वाळवलेल्या तुंब्यात विरजलेलं दूध, इथले धावपटू जिंकून आले की त्यांना विमानतळावर हेच पाजतात. एका संध्याकाळी त्या तुंबा आणि सेनेत्वेत नावाच्या झाडाची एक काठी घेऊन आमच्या दारात आल्या, त्यांची जिको विझली होती. काठीचं टोक माझ्या निखाऱ्यांत खुपसलं, लाल झाल्यावर तसंच तुंब्यात घालून आतून गोल गोल घासलं, धूर तुंब्याच्या तोंडातून भसाभस बाहेर, मग जळकं टोक आतच चुरडून सगळीकडे फासलं आणि उरलेलं झटकून टाकलं. त्यावर उकळून गार केलेलं दूध. पाच-सहा दिवसांनी मला पेलाभर आणून दिलं, करडे-निळसर ठिपके असलेलं, आंबट आणि धुराच्या वासाचं. त्यांनी एवढंच म्हटलं, तुझ्या विस्तवाचं आहे. वर्षभर आम्ही भाषा शिकत होतो, लोकांच्या घरी जात होतो, पण त्या घरातली झाले असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. प्रभूचे उपकार.

आता दोष. कोळसा स्वस्त नाही, आम्ही डब्याच्या मापाने घेतो आणि पावसाळ्यात तो दमट निघतो, तडतडून ठिणग्या उडतात, लहान मुलं असतील तर फार सांभाळा. दुसरं म्हणजे झाडं. २०१८ मध्ये इथे सरकारी जंगलात तोडीवर बंदी आली होती, ती २०२३ मध्ये उठवली, आणि कोळसा शेवटी झाडाचाच होतो हे माझ्या मनातून जात नाही, म्हणून आम्ही राजमा रात्रभर भिजवल्याशिवाय चढवतच नाही, निम्मा कोळसा तिथेच वाचतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद खोलीत जिको कधीही ठेवू नका. जुलैत इथे कडाक्याची थंडी पडते, लाइट गेलेली, आम्ही उबेसाठी आत घेतली आणि दार लावलं. अर्ध्या तासात ह्यांचं डोकं दुखायला लागलं, मला मळमळायला लागलं, नशीब की लगेच लक्षात आलं आणि दार-खिडक्या उघडून बाहेर पळालो. धूर दिसत नाही म्हणजे विषारी वायू नाही असं नसतं, आणि झोपेत असतो तर उठलो नसतो. तेव्हापासून जिको व्हरांड्यात नाहीतर उघड्या दारातच.

नवीन जिको पहिले दोन-तीन दिवस थोड्या कोळशावरच पेटवा, मामांच्या शब्दांत पोले पोले, म्हणजे हळूहळू. विझवायला पाणी अजिबात नको. मी घाईत एकदा ओतलं आणि अस्तर उभं तडकलं, वाटलं गेली शेगडी. पण कारागिराने जुनं अस्तर ठोकून काढलं, नवीन बसवलं, कडेने सिमेंट भरलं, २०० शिलिंग घेतले आणि म्हणाला दोन दिवस पेटवू नका. ते दोन दिवस आमचा राजमा मामांच्या जिकोवर शिजला.