येरेवानच्या बाजारातलं ‘अनाहित’ नावाचं चांदीचं पेंडंट

माझी शाळेपासूनची मैत्रीण पारशी, नाव अनाहिता. त्यामुळे आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, व्हर्निसाज बाजारात एका चांदीच्या स्टॉलवर आर्मेनियन नावांची पेंडंट लावलेली दिसली आणि त्यात ‘अनाहित’ आहे असं विकणाऱ्या काकूंनी दाखवलं तेव्हा घेतल्याशिवाय पाय निघेना. १२,००० द्राम, म्हणजे आपले अडीच-तीन हजार, घासाघीस केली नाही.

कामाबद्दल आधी. खूपच सुंदर! नावाची ६ अक्षरं, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे मान वळवलेला एकेक पक्षी, तिकडच्या जुन्या हस्तलिखितांत अशी पक्षी-अक्षरं काढायचे. पहिलं अक्षर ‘आइब’, त्यांच्या लिपीतलं पण पहिलंच, आणि ही लिपी मेस्रोप माश्तोत्स यांनी इ.स. ४०५ च्या सुमारास बनवली. कडा गुळगुळीत आहेत, कपड्यात अडकत नाही, मागे चांदीचा ९२५ चा शिक्का.

खटकलं ते सोबतचं कार्ड. त्यावर ‘सुपीकतेची देवी’ एवढंच छापलंय, बास. अहो, नावाचा अर्थ कुठेय? मूळ शब्द पारशांच्या धर्मग्रंथातला, अवेस्तातला, अनाहिता, त्यातला ‘अन्’ आपल्या संस्कृतसारखाच नकाराचा आणि आहित म्हणजे मळलेलं, म्हणजे जिला डाग नाही ती, निर्मळ. (आपला ‘अनाहत’ वेगळा हां, गल्लत नको.) अवेस्तात ती पाण्याची देवता, आबान यश्त हे तिचंच स्तोत्र, आणि मैत्रिणीच्या घरी पारशी पंचांगातल्या आबान महिन्यातल्या आबान रोजला (म्हणजे आबान नावाच्या दिवशी) दालनी पोरी, म्हणजे डाळीची गोड पोळी, करून पाण्याला वाहतात, मुंबईत चर्चगेटच्या भीखा बेहराम या पारशांच्या पवित्र विहिरीच्या बाहेर मी मैत्रिणीची वाट बघत कितीदा उभी राहिलेय, तेव्हा हिच्या नावाचा त्या पाण्याशी संबंध आहे हे मला माहीतच नव्हतं.

इराणातून आर्मेनियात गेलेली ही देवी तिकडे सगळ्यांची लाडकी झाली, ‘सोन्याची आई’ म्हणायचे तिला. एरेझला (आज तुर्कस्तानातलं एर्झिंजान) तिची भरीव सोन्याची मूर्ती होती ती रोमन सेनापती मार्क अँटनीच्या सैनिकांनी लुटली. नंतर चौथ्या शतकाच्या सुरुवातीला राजा त्रदात ख्रिस्ती झाला, देवळं पाडली गेली, तिच्या मूर्तीला हार घालायला नकार दिला म्हणून ज्या ग्रेगरीचे हाल केले तोच पुढे तिथल्या चर्चचा पहिला प्रमुख. आणि एवढं होऊनही ख्रिस्ती घरात आज मुलीचं नाव अनाहित! मला हे फार भारी वाटतं. १८७२ मध्ये सापडलेलं तिचं मानलं जाणारं ब्राँझचं डोकं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याचा फोटो जरी कार्डावर टाकला असता तरी चाललं असतं.

काकू मात्र गोड, पेंडंट बांधून देताना बोट ठेवून ‘अनाहित जान’ म्हणाल्या, तिकडे लाडाने नावापुढे जान लावतातच आणि उच्चारात जोर शेवटच्या ‘हित’वर देतात, तो त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

साखळीची कडी मात्र कच्ची निघाली, दुसऱ्या आठवड्यात उघडली, इथल्या सोनाराकडून झाळून घेतली. घेणार असाल तर कडी तिथेच ओढून बघा, आणि कार्डाच्या मागे नावाचा अर्थ पेनाने लिहून मग गिफ्ट द्या, मी तसंच केलं.