गच्चीवर काय टाकाल: ब्रिकबॅट कोबा की एक्सपीएस बोर्ड?

नाशिकची हवा थंड, हे आता जानेवारीपुरतंच. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावर रात्री दहाला स्टुलावर चढून स्लॅबला हात लावा, तो कोमटच लागतो. म्हणून घर बांधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: मालाचं नाव विचारण्याआधी त्याची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, विचारा. हिशोब सोपा आहे. मीटरमधल्या जाडीला मालाच्या उष्णतावाहकतेनं भागायचं.

चार इंची ब्रिकबॅट कोब्याची, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून केलेल्या थराची, वाहकता साधारण 0.8. 0.1 भागिले 0.8, उत्तर जेमतेम 0.125. दोन इंची एक्सपीएसची, म्हणजे पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या कडक फोम बोर्डाची, 0.03 च्या आसपास, म्हणजे 0.05 भागिले 0.03, जवळपास 1.67. तेरा पट! कोब्यानं तेवढंच साधायचं तर थर सव्वा मीटरहून जाड लागेल, आणि चार इंची कोब्याचंच वजन चौरस मीटरला पावणेदोनशे किलोच्या घरात जातं. बोर्ड दोन किलोचाही नाही.

मग कोबा टाकाऊ का? मुळीच नाही. पावसाळ्यात पाण्याला ढाळ तोच देतो. पण ऊन तो अडवत नाही, साठवतो. दुपारची धग संध्याकाळी खोलीत उतरते, नेमकी माणसं घरी आल्यावर.

माझा कौल बोर्डाला, ढाळ आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर त्यावर. मात्र बोर्ड उघडा ठेवू नका, उन्हानं त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो. वर फरशी हवीच, शक्यतो पांढरी.