तलंगा म्हणून आलेल्या बारा म्हाताऱ्या

खुराड्याला मी तीन आठवडे दिले आणि कोंबड्यांना पाच मिनिटं. तिथेच फसले.

आमचं घर चिपळूणपासून आत, परस मोठं. पोस्टातून निवृत्त झाल्यावर घरापुरत्या दहा-बारा कोंबड्या पाळायचं ठरवलं. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. दारात कोंबडी नाही म्हणजे त्यांना घर ओकंबोकं वाटतं. मोबाइलवर तयार खुराड्यांचे व्हिडिओ बघताना घाटावरच्या एका माणसाचा नंबर मिळाला. 'खुराडा आणि गावरान तलंगा, घरपोच.' तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी.

या माणसाला खुराड्यातलं खरंच कळत होतं, हे आधी कबूल करते. मी चार बाय चार म्हटलं तर त्यानेच अडवलं. "ताई, पक्ष्यामागे दोन चौरस फूट धरा. बारा पक्ष्यांना सहा बाय चारच पाहिजे." लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन थेट आत येत नाही, हे त्याचंच. तुमच्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, ती बाजू पत्र्याने बंद करू आणि पागोळ्या लांब पडायला पत्रा अडीच फूट बाहेर काढू, हेही त्याचंच. अंडी घालायला फूट-फूटभराचे तीन कप्पे. बसायला दोन आडव्या दांड्या, पक्ष्यामागे आठ इंच जागा. साध्या षटकोनी जाळीचं मी विचारलं तर म्हणाला, "ती कोंबडीला आत ठेवते ताई, कांडेचोराला बाहेर नाही ठेवत. अर्ध्या इंचाची वेल्डमेशच घ्या." मी गवंडी बोलावून जांभ्या चिऱ्याचे दोन थर रचून जोतं करून घेतलं, गिरणीतून भाताचा तूस आणून ठेवला.

गिऱ्हाइकाला जास्त खर्चाची वस्तू का घ्यायची ते इतकं नीट समजावणारा माणूस कोंबड्यांत कशाला खोटं बोलेल, असं मला वाटलं. तलंगांबद्दल मी एवढंच विचारलं: केवढ्या आहेत? "साडेचार महिन्यांच्या. महिन्याभरात अंड्यावर येतील." साडेसहाशेला एक, बारांचे ७,८००. खुराडा १८,५००. निम्मे आधी पाठवले, निम्मे माल आल्यावर.

२०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावावर शेतकऱ्यांचे पैसे बुडाले होते. पक्षी आम्हीच देणार, अंडी आणि कोंबड्या आम्हीच परत विकत घेणार, असा तो मामला. तेव्हा मी शहाणपणाने म्हटलं होतं की हाव केली की असंच होतं. मला हाव नव्हती, मला रोज चार अंडी हवी होती. म्हणून मी स्वतःला सुरक्षित समजत होते.

टेम्पो आला दिवेलागणीला. खुराडा उतरवून जोत्यावर बसवेपर्यंत अंधार झाला. कोंबड्या क्रेटमध्ये, वर गोणपाट. "थेट आतच सोडतो ताई, प्रवासाने बिथरल्यात, आज हात लावू नका. मला कुंभार्ली घाट चढायचाय." मी बॅटरी मारून मोजल्या, बारा भरल्या. उरलेले पैसे दिले. बिल दिलं त्याने, त्यावर लिहिलं होतं 'खुराडा १ नग'. कोंबड्यांचा त्यात शब्द नव्हता आणि मी तो शोधलाही नाही.

सकाळी कप्प्यांत चार अंडी! मी नाचत आत आले. सासूबाईंनी एक हातात घेतलं, वजन बघितलं, आणि वाटीच्या काठावर टेकवलं न टेकवलं तोच ते फुटलं. "तलंगेचं पहिलं अंडं एवढं नसतं गो. लहान असतं नि कवच टणक. चल, बघू दे मला." काठी टेकत परसात आल्या. एक कोंबडी धरायला लावली आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "हिची चोच कोणी कापली?"

बाराही जणींच्या चोची बोथट होत्या. पायांची खवलं खरखरीत, रंग उडालेला. तुरे मोठे, एका अंगाला लवंडलेले. दांड्यांवर रात्री एकही चढली नव्हती, सगळ्या कोपऱ्यात एकमेकींवर दाटून बसलेल्या. दार उघडलं तरी बाहेर येईनात. माती उकरायची असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एक तर खुराड्याच्या चकचकीत स्क्रूवर चोच मारत उभी होती. मला ते आधी कळलंच नाही. पिंजऱ्यात निपलमधून पाणी प्यायची सवय, ती त्या स्क्रूतून पाणी येईल म्हणून वाट बघत होती. फसवणुकीचा राग मला त्या क्षणी नीट आलाच नाही, तिची कीवच आली.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं: दीड वर्षाच्या पुढच्या, लेयर म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या फार्मवरून काढलेल्या. फार्मवर अंडी कमी झाली की साधारण ७२ ते ८० आठवड्यांनी सगळा लॉट काढतात आणि तो किलोवर मटणाला जातो. दाटीत एकमेकींना टोचू नयेत म्हणून चोची लहानपणीच कापलेल्या असतात. बहुतेक लेयर पांढऱ्या असतात म्हणून ओळखू येतात, या तांबूस जातीच्या. अंधारात काय, उजेडातही मला गावरानच वाटल्या असत्या. पंधरा दिवसांत तीन मेल्या, बाकीच्या पिसं गाळायला लागल्या आणि अंडी थांबली.

त्याला फोन केला. आवाज चढला नाही, की फोन बंद केला नाही त्याने. "खुराड्यात काही खोट आहे का ताई? जिवंत वस्तूची गॅरंटी कोण देतं?" पोलीस ठाण्यात म्हणाले, बिलाप्रमाणे माल मिळालाय ना. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पण माझ्याकडे कोंबड्यांचा कागदच नाही. 'तलंगा साडेचार महिने' हे सगळं तोंडी, फोनवर. निदान मेसेज करून विचारलं असतं तर!

तुम्ही घेणार असाल तर दिवसाउजेडी घ्या, आणि प्रत्येक पक्षी हातात धरून चोच आणि पाय बघा. पिल्लं कुठल्या तारखेला निघाली, राणीखेत रोगाच्या दोन लसी, पहिल्या आठवड्यातली लासोटा आणि आठव्या आठवड्याची आर-टू-बी, कधी दिल्या, हे लिहून मागा. खरोखर वाढवणाऱ्याला ते पाठ असतं. बिलावर पक्ष्यांचं वय आणि संख्या आल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. पिल्लांपासून सुरुवात करायची तयारी असेल तर पुणे, कोल्हापूर इथे सरकारी अंडी उबवणी केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा. मला थांबायचं नव्हतं, आयत्या तलंगा हव्या होत्या, हेही तितकंच खरं.

उरलेल्या नऊ आम्ही ठेवल्या. सासूबाई त्यांना विकू देत नाहीत. त्यातल्या दोघी आता माती उकरायला शिकल्यात.

परवा त्या माणसाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर एक फोटो बघितला. जांभ्याचं दोन थरांचं जोतं, त्यावर सहा बाय चारचा खुराडा, मागे आमचा रातांबा, आणि आत अंधारात बारा तांबूस कोंबड्या. खाली लिहिलंय, 'कोकणातील समाधानी ग्राहक'. तो फोटो कुठे दिसला तर ओळखा. खुराडा खरोखर चांगला आहे.