सेमिनारला बानाख घ्यावा की ब्राउवर?

बडोद्यात एम.एस. युनिव्हर्सिटीत गणितात एम.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुलांना टोपोलॉजी आणि डिफरन्शियल इक्वेशन दोन्ही आवडत असतील, तर स्थिरबिंदू प्रमेयासारखा (रूपांतरानंतरही एखादा बिंदू जागचा हलत नाही, असं सांगणारं प्रमेय) विषय नाही. पण कुठलं, बानाख या गणितज्ञाचं की ब्राउवरचं? माझं मत आधीच सांगते: हातात एकच सेमिस्टर असेल तर बानाख, वर्षभर असेल तर ब्राउवर.

दांडिया बाजारातल्या एखाद्या घरात बडोद्याचा नकाशा जमिनीवर पसरा. नकाशावरचा नेमका एक बिंदू स्वतःच्याच खऱ्या जागेवर टेकलेला असतो. हे बानाखचं १९२२ चं प्रमेय: सगळी अंतरं ठरावीक पटीने आकसली की स्थिर बिंदू असतो आणि एकच असतो. नकाशा चुरगळून सपाट दाबला की ब्राउवरचं उदाहरण होतं, असं पुष्कळजण सांगतात. ते बरोबर नाही. चुरगळून अंतरं वाढत नाहीत, तेव्हा तिथेही बानाखच पुरतो. रबरी नकाशा न फाडता जागोजागी ताणला आणि तरी तो शहराच्या हद्दीतच राहिला, तर ब्राउवर लागतो. हद्दीत मध्ये भोक मात्र नको. स्थिर बिंदू किमान एक आहे, एवढंच तो सांगतो. कुठे आणि किती, ते नाही.

डिफरन्शियल इक्वेशनमध्ये हाच फरक उतरतो. बानाखमधून पिकार–लिंडेलॉफ प्रमेय मिळतं: उजवी बाजू पुरेशी चांगली असली की समीकरणाला उत्तर असतं आणि एकच असतं. 'वाय डॅश बरोबर वाय', शून्यापाशी किंमत १, हे घ्या. १ पासून सुरुवात करून इंटिग्रेशन करत गेलं की १ + एक्स, मग त्यात एक्सवर्ग भागिले २, अशी घातांकी श्रेणी डोळ्यांदेखत उभी राहते. शून्य ते अर्धा या अंतरात आकसण्याचं प्रमाण १/२ आहे, म्हणून १० फेऱ्यांनंतरची चूक १/१०२४ पेक्षा जास्त नाही, ही हमी आधीच मिळते. सेमिनारमध्ये हे फळ्यावर करून दाखवता येतं, आणि सिद्धतेला दोन पानंही पुरतात.

ब्राउवरवरून शाउडरचं (१९३०) अनंत मितींतलं स्थिरबिंदू प्रमेय आणि तिथून पेआनोचं प्रमेय: उजवी बाजू नुसती सतत असली तरी उत्तर असतं. पण 'वाय डॅश बरोबर ३ गुणिले वायचा २/३ घात' पाहा. शून्यातून निघालं तर शून्य हेही उत्तर, एक्सचा घन हेही. विषय बानाख असो वा ब्राउवर, हे उदाहरण घ्यावंच. तोंडी परीक्षेत एकमेवतेचा प्रश्न येतोच.

ब्राउवरची खरी ताकद मला आवर्ती, म्हणजे ठरावीक कालावधीने तशीच परत येणाऱ्या, उत्तरांत दिसते. दोन समीकरणांची प्रणाली, वेळेनुसार ठरावीक कालावधीने बदलणारी. चकतीच्या काठावर सगळे बाण (उत्तर कुठे सरकतं ती दिशा) आत वळलेले. एक कालावधी सरला की चकती स्वतःच्या आतच जाते, म्हणून निदान एक बिंदू जिथून निघाला तिथेच परततो. आवर्ती उत्तर मिळालं! इथे आकसण्याची अट सहसा पाळली जात नाही, त्यामुळे बानाख हात टेकतो.

अडचण सिद्धतेची. होमोलॉजी (टोपोलॉजीतलं भोकं मोजण्याचं तंत्र) झालेली नसेल तर घाबरू नका. १९२८ चं स्पर्नरचं लेमा घ्या. त्रिकोणाचे बारीक त्रिकोण पाडून शिरोबिंदूंना तीन रंग द्यायचे आणि तिन्ही रंग असलेले त्रिकोण मोजायचे. फंक्शनल ॲनालिसिस (फलनांच्या अनंत मितींच्या अवकाशांचा अभ्यास) अजून शिकला नसाल तर मात्र शाउडरच्या वाटेला जाऊ नका. दोन मितींतलं ब्राउवर आणि एक आवर्ती उत्तर एवढंच नीट मांडा.