निकेलच्या ॲलर्जीसाठी पॅच टेस्ट : कॉलेज रोडवरील एका दवाखान्याविषयी

सराफ बाजारातले सोन्याचे दागिने वर्षानुवर्षे सोसतात, पण खोट्या कानातल्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने किंवा जीन्सच्या बटणाने (अनेकदा त्यांतील निकेल या धातूमुळे) त्वचा लाल होऊन खाजते, अशी तक्रार असलेल्यांसाठी पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून त्वचेची प्रतिक्रिया पाहणे, हीच योग्य तपासणी आहे. नाशिकमध्ये कॉलेज रोडवरील एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे माझ्या बहिणीची ही तपासणी झाली आणि सोबतीला मी होतो. सेवा चांगली आहे, आणि तिचे चांगलेपण मुख्यतः घाई न करण्यात आहे.

बहिणीने त्याआधी एका प्रयोगशाळेत ॲलर्जीची महागडी रक्ततपासणी करून घेतली होती. तिच्यातून काहीच निष्पन्न झाले नाही, आणि होणारही नव्हते, कारण ती तपासणी आयजीई नावाची प्रतिपिंडे (रक्तातील संरक्षक प्रथिने) मोजते, तर धातूची त्वचेवरील ॲलर्जी प्रामुख्याने टी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, घडवून आणतात. हे डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत नीट समजावून सांगितले. घामामुळे दागिन्यातील निकेलचे आयन (विद्युतभारित कण) सुटतात, त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात, आणि त्वचेतील पहारेकरी पेशी (लँगरहान्स पेशी व इतर डेंड्रायटिक पेशी) ही बदललेली प्रथिने जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवतात. तिथे निकेल ओळखणाऱ्या टी पेशींची संख्या वाढते आणि त्यांपैकी काही स्मृतिपेशी म्हणून दीर्घकाळ टिकतात. त्यामुळेच अनेक वर्षे वापरलेला दागिनाही एके दिवशी अचानक सोसेनासा होतो. ज्यांना निकेलचा त्रास होत नाही, त्यांच्याही रक्तात ते ओळखणाऱ्या टी पेशी आढळतात; मात्र त्यांना नियामक टी पेशी आवर घालतात. (माणसाच्या टीएलआर४ या, पेशींवरील धोका ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनाला निकेल थेट चिकटते आणि उंदराच्या ग्राहीला तसे चिकटत नाही, हे २०१० मध्ये दाखवले गेले, सर्वच सस्तन प्राण्यांना ही पीडा सारख्याच प्रमाणात का होत नाही, याचा एक धागा त्यात आहे.)

प्रत्यक्ष तपासणी साधी आहे. व्हॅसलीनमध्ये मिसळलेले ५ टक्के निकेल सल्फेट, तसेच कोबाल्ट क्लोराइड, पोटॅशियम डायक्रोमेट आणि इतर काही पदार्थ लहान चकत्यांमध्ये भरून त्या पाठीवर चिकटवल्या जातात. सोमवारी पट्ट्या लावल्या, बुधवारी काढून पहिली नोंद केली आणि शुक्रवारी पुन्हा पाठ तपासली. ही शुक्रवारची भेट अनेकांना निरर्थक फेरी वाटते. वास्तविक स्मृतिपेशी जागेवर जमून दाह निर्माण करायला दोन ते चार दिवस घेतात, शिवाय पट्टी काढल्यावर लगेच दिसणारी लाली कधी कधी नुसत्या घर्षणाची असते, म्हणून दुसऱ्या नोंदीशिवाय दिलेला निष्कर्ष कच्चा ठरतो. बहिणीच्या निकेलच्या जागी शुक्रवारी लाली वाढून बारीक पुळ्या उठल्या होत्या. इतर जागांवरील लाली तोवर मावळली होती. डॉक्टरबाईंनी ती भेट टाळू दिली नाही, यासाठी मी या दवाखान्याला जास्त गुण देईन.

उणिवाही आहेत. अहवाल इंग्रजीत असून त्यात पदार्थांची नावे आणि अधिकची (+) चिन्हे एवढेच असते. निकेल कुठे कुठे सापडते याची मराठी यादी मागूनही मिळाली नाही, ब्लाउजचे हूक, चाव्या, नाणी, काही पांढऱ्या सोन्याचे दागिने हे सर्व तोंडी ऐकून लिहून घ्यावे लागले. प्रतीक्षाकक्ष अरुंद आहे आणि संध्याकाळी वेळ घेऊनही ताटकळावे लागते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मुलामा देण्याचे काम करणाऱ्या किंवा सिमेंट हाताळणाऱ्या कामगारांना निकेल व क्रोमेटसाठी या तपासणीची फार गरज असते, परंतु एकाच आठवड्यातील तीन फेऱ्या त्यांच्या पाळ्यांमध्ये कशा बसाव्यात, याचा विचार दवाखान्याने केलेला दिसत नाही.

जाणाऱ्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्यास आधीच सांगावे, कारण त्या टी पेशींना दाबतात आणि तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते, म्हणजे ॲलर्जी असूनही ती नसल्याचे दिसू शकते. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवता येत नाही आणि घामाने त्या सुटतात, तेव्हा एप्रिल-मे टाळून थंडीतला आठवडा निवडावा.