ड्रायव्हिंग स्कूल लावलं त्याला आठ महिने झाले, माझा अनुभव (मोठा आहे)

कोर्स संपल्या संपल्या लिहिणार होते पण थांबले, म्हटलं आधी रोज गाडी चालवते, मग कळेल शिकवलेलं किती टिकलं ते. वय 43, राहायला कोथरूडला, गाडी घरचीच जुनी वॅगन आर. शिकायचं कारण म्हणजे बाबा, त्यांना दर पंधरा दिवसांनी हॉस्पिटलला न्यावं लागतं, नवऱ्याची नोकरी फिरतीची, आणि बाबांचा दुखरा पाय उचलून रिक्षात बसवताना त्यांचे जे हाल व्हायचे ते मला बघवत नव्हते.

कच्च्या लायसनचं पटकन सांगते. आधार असेल तर परीक्षा घरूनच देता येते, कॅमेरा चालू ठेवून, 15 प्रश्न, 9 बरोबर आले की पास. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांचा फॉर्म 1ए लागतो तो आधी करून ठेवा, माझे त्यातच चार दिवस गेले. चिन्हं एकेक करून पाठ करत बसू नका, आकार-रंग धरा, लाल कडेचा गोल म्हणजे बहुतेक मनाई, निळा गोल म्हणजे हे करायचंच, त्रिकोण म्हणजे पुढे काहीतरी आहे, जपून. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा प्रश्न माझा सरावात दोनदा चुकला होता, तो पुढे कामाला आला.

आता स्कूल. नियमाने कोर्स कमीत कमी 21 दिवसांचा आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान 10 तास, म्हणजे रोज अर्धा तास. पण त्या अर्ध्या तासात आधीच्या मुलीला घरी सोडायचं, पुढच्याला घ्यायचं हे पण यायचं, मी मोबाईलवर वेळ लावून बघितली तर माझ्या हातात स्टेअरिंग 18 ते 20 मिनिटंच. आठवड्याने मालकांना सगळ्या दिवसांची वेळ लिहून दाखवली, तेव्हा चार क्लास वाढवून मिळाले. तुम्हीही पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा, लाजू नका, पैसे भरलेत तुम्ही.

सर मात्र सोन्यासारखे मिळाले. पहिले चार दिवस त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावूच दिला नाही, टाच खाली टेकवून फक्त क्लच सोडत गाडी मुंगीच्या चालीने पुढे न्यायची, परत दाबायचा, परत सोडायचा. "मॅडम, आवाज खाली बसला की पाय तिथेच धरा, हलवू नका." मला तेव्हा वाटायचं बाकीच्यांना चौथ्या दिवशी डीपी रोडला नेतात आणि मी इथे एका गल्लीत, पण आज मी जी काही चालवते ती त्या चार दिवसांवर.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. सरांच्या बाजूला पण क्लच-ब्रेक असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं गाडी आपण थांबवली, आणि थांबवलेली असते सरांनी. कोर्स झाल्यावर घरच्या गाडीत नवऱ्याला शेजारी बसवून निघाले तर पहिल्याच सिग्नलला तीनदा बंद पडली. म्हणून शेवटच्या पाच क्लासला सरांना पाय मागे घेऊन बसायला सांगा, आणि ते नीट बघा.

टेस्ट. कच्चं लायसन मिळाल्यावर 30 दिवसांनी देता येते, सहा महिन्यांच्या आत द्यायची. पुण्यात नाशिक फाट्याजवळ आयडीटीआरच्या (ड्रायव्हिंग ट्रेनिंगची संस्था) ट्रॅकवर. पुढे हीच चालवायची म्हणून मी घरची वॅगन आर नेली आणि एच मध्ये (इंग्रजी H च्या आकाराचा ट्रॅक) रिव्हर्सला मागचं चाक बाहेर गेलं, नापास. चूक काय होती ते दोन दिवसांनी कळलं, स्कूलमध्ये "मागच्या काचेत खांब दिसला की फुल स्टेअरिंग मार" असं अल्टोवर शिकले होते, वॅगन आरच्या मागच्या काचेत तो खांब वेगळ्याच जागी दिसतो. परत टेस्ट द्यायला सात दिवस थांबावं लागतं, ते सात दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार बादल्या ठेवून रोज तासभर रिव्हर्स, फक्त आरसे बघून. दुसऱ्यांदा पास झाले. तर ज्या गाडीवर टेस्ट द्यायची तिच्यावरच एच करा. लायसन दहा वर्षांचं मिळालं, पोस्टाने घरी आलं.

त्यानंतर बाबांच्या हॉस्पिटलच्या सगळ्या फेऱ्या मीच केल्यात. डिसेंबरमध्ये ते म्हणाले सिंहगडावरची पिठलं-भाकरी खाऊन किती वर्षं झाली गं, तर एका मंगळवारी नेलं, गाडी वरपर्यंत जाते ना. घाटात एका वळणावर माझ्या पुढची गाडी थांबली कारण वरून एक जण उतरत घुसलेला, आणि माझ्या मागे टू-व्हीलर अगदी चिकटून. हँडब्रेक ओढला, क्लच हळूहळू सोडला, आवाज खाली बसला, बॉनेट किंचित उचलल्यासारखं झालं, जरासा अ‍ॅक्सिलरेटर, हँडब्रेक खाली. गाडी एक इंचसुद्धा मागे आली नाही. बाबा मागच्या सीटवर मडक्यातल्या दह्याबद्दल बोलत होते ते बोलतच राहिले, त्यांना कळलंही नाही.

काय जमत नाही अजून, तर रात्री समोरून अप्पर (हेडलाइटचा वरचा प्रखर झोत) मारत कुणी आलं की अंधारी येते, वेग कमी करून डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे बघते, तेवढंच. आणि पॅरलल पार्किंग, ते स्कूलमध्ये एकदाच दाखवलं, सगळ्यात जास्त लागतं तेच.

धाकटी बहीण पुढच्या महिन्यापासून जातेय, तिला त्याच सरांची सकाळी 7 ची बॅच घ्यायला लावलीय, पहिलीच बॅच असल्यामुळे आधी कुणाला सोडायचं नसतं, अर्धा तास पूर्ण मिळतो.